नवी फौज उभी करायचीय: मावळे की अंतराळवाले? (सातारा-सांगलीकरांनी विशेष लक्ष द्यावे)

चारभिंती
शनिवार, रात्री १०:४०

टेबलावरच्या लढाया खेळणारं इथे कोणी आहे का, म्हणून धागा काढतोय. पुण्याला गेलो की मित्राकडे वॉरहॅमर ४०,००० (दूरच्या भविष्यातल्या अंतराळ-लढायांचा खेळ) खेळतो, त्याच्याच फौजा उसन्या घेऊन. आता स्वतःची हवी. घोडं अडलंय ते निवडीपाशी.

एक मन म्हणतं, वॉरहॅमरमधलेच साधे माणसांचे शिपाई घ्यावेत, इंपीरियल गार्ड, आणि त्यांना पुटीचे फेटे बांधून 'सातारा रेजिमेंट' करून टाकावी. चाळीस हजार सालात आपली माणसं नसतील असं कुठे लिहिलंय? दुसरं मन म्हणतं, गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो आणि तू परग्रहावरची माणसं रंगवत बसणार? सरळ शिवकाळ घे. त्यात परत शिपायाची उंची २८ मिमी घ्यावी की १५ मिमी, हा उपप्रश्न आहेच.

बजेट पंधरा हजार, रंग-ब्रश धरून. जागा म्हणजे पाच बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल, तेही रात्रीची भांडी उचलल्यावर. ठेवायला शोकेसचा एक खण मिळालाय. बाकीच्या खणांत सासूबाईंचे चिनी मातीचे ससे आहेत आणि त्या आघाडीवर मला युद्ध नकोय. रंगकाम बऱ्यापैकी येतं, पुटीकाम शिकायची तयारी आहे. काय घेऊ?

हळदभाव
शनिवार, रात्री १०:५२

पंधरा हजार म्हणजे पहिल्या महिन्याचे का ओ?

गुळपोळी
शनिवार, रात्री ११:०५

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतेय. बुद्धिबळासारखं असतं का? मग प्याद्यांना रंग कशाला द्यायचा?

चारभिंती
शनिवार, रात्री ११:२०

@गुळपोळी, पट नसतो, टेप असते. तुकडी किती इंच चालली ते टेपने मोजायचं, मारा लागला का ते फाशांवर. टेबलावर टेकड्या, झाडी, घरं मांडायची, त्यांच्या आडोशाला लपता येतं. खूळ जुनंच आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावर असे डाव मांडत. रंग नसला तरी खेळ होतो, पण मग घरचे म्हणतात 'एवढा घोडा झाला तरी'. रंगवलेलं असलं की म्हणतात 'छंद आहे हो त्याला'.

गुळपोळी
शनिवार, रात्री ११:२६

अच्छा, दिवाळीचा किल्ला, फक्त बारमाही. कळलं.

कऱ्हाडी_शेंगदाणा
शनिवार, रात्री ११:३१

+१. आणि इथेही बालेकिल्ल्यावर मांजरच बसतं.

सव्वाशेर
रविवार, सकाळी ९:१०

मूळचा सातारचा, सध्या पुण्यात. वॉरहॅमरच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं म्हणून बोलतो.

नवीन माणूस सेना निवडताना दोन गोष्टी बघतो, सध्या कोण जोरात आहे आणि डब्यावरचं चित्र. जोराचं काही खरं नाही. २०२३ मध्ये नियमांची दहावी आवृत्ती आली तेव्हा कालचे वाघ दुसऱ्या दिवशी शेळ्या झाले. पॉईंट, म्हणजे प्रत्येक तुकडीचं खेळातलं मोल, तर अधूनमधून वरखाली होतच असतात. बघायचं ते हे, की त्याच प्रकारचा तिसावा शिपाई रंगवताना ब्रश फेकून द्यावासा वाटतो का. गार्डमध्ये वाटणार, कारण तिथे सगळी खोगीरभरती. हजार पॉईंटला माणसांनी टेबल भरून जातं. तेवढ्याच पॉईंटला कस्टोडीज सेनेची सोनेरी मंडळी अगदी मोजकी लागतात.

टेबलाचं सांगतो. दोन हजार पॉईंटच्या पूर्ण डावाला ६० बाय ४४ इंच जागा धरतात. तुझं टेबल ३६ इंच रुंद, म्हणजे आठ इंच फौज मांडीवर. छोट्या डावाला ४४ बाय ३० पुरतं, ते आरामात बसेल.

फेट्याची कल्पना झकास. पथ्यं दोनच. ज्याच्याकडे जे शस्त्र आहे ते लांबून ओळखू आलं पाहिजे, आणि पायाखालची चकती बदलायची नाही. गार्डच्या शिपायाची २५ मिमी असते. मोठी केलीस की कोण कोणाला भिडलंय आणि कोण आडोशाला आहे याचं गणित बदलतं. घरात चालेल, बाहेर खेळायला गेलास की भांडण.

बखरवाला
रविवार, सकाळी १०:०२

'सातारा रेजिमेंट' वाचून चहाचा ठसका लागला.

चारभिंती, शिवकाळ म्हणून एक डबा मिळत नसतो. आधी साल ठरवा. १६५९ चं प्रतापगड, १७०० चा साताऱ्याचा वेढा, १७६१ चं पानिपत, या तीन निराळ्या फौजा आहेत. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि त्याच्या तोफा. १८०३ ला असईपर्यंत आलात तर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. प्रतापगडाखाली यातलं काही नाही. तिथे जावळीच्या रानात दबा धरलेलं हलकं पायदळ आहे. एकाच पाकिटातल्या बाहुल्या तिन्हीकडे उभ्या केल्या तर बघणाऱ्याला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल.

सातारकराने दाराशी असलेलं घ्यावं. वेढ्याचा मोह होईल. डिसेंबर १६९९ ला औरंगजेब स्वतः येऊन बसला, एप्रिलमध्ये सुरुंग उडवले, त्यातल्या एकाने बुरूज उलटा त्याच्याच माणसांवर आणला. याला नियम सोपा आहे, सुरुंगाच्या फाशावर एक पडला की स्वतःची तुकडी उचला. पण वेढा टेबलावर रटाळ होतो. एक बाजू खणत बसते, दुसरी बघत बसते. आणि तटबंदी करण्यात तुमचं वर्ष जाईल.

म्हणून १० नोव्हेंबर १६५९. खानाची फौज पारच्या बाजूला, मावळे झाडीत, गडावर तोफ वाजली की उठायचं. रान असल्यामुळे टेबल लहान चालतं, घोडदळाला फुगता येत नाही, आणि संख्येने कमी असलेली बाजू खरोखर जिंकू शकते. लपलेल्या तुकड्यांच्या जागी नुसते आकडे लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, त्यातले निम्मे रिकामे. समोरच्याला घाम फुटतो.

हळदभाव
रविवार, सकाळी १०:०९

बखरवाले आले म्हणजे धागा शंभरी गाठतोय. बसा मंडळी, भडंग घेऊन.

कुपवाडचा_छापखाना
रविवार, दुपारी १२:३०

माझ्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर (द्रव प्लॅस्टिकपासून वस्तू छापणारा) आहे. दिवसा एमआयडीसीतल्या लोकांना नमुन्याचे सुटे भाग, रात्री मावळे. विषय माझा म्हणून जरा लांबट लिहितो.

परदेशातून मागवायचं असेल तर आधी आयात शुल्क बघा. खेळण्यांवर २०२० मध्ये २० चं ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. तुमचं पार्सल कोणत्या सदरात घालतात त्यावर सगळं. पंधरा हजारांतले किती दारात येईपर्यंत उरतील ते बघा. छापून घेतलं तर तो प्रश्न नाही. फाईल मात्र शिल्पकाराकडून रीतसर विकत घ्या. ग्रुपवर फिरणाऱ्या फुकट फायली माझ्याकडे आणू नका.

स्वतःच्या मनासारखी सेना हवी असेल तर छपाईसारखं दुसरं नाही. धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं, हात तिसऱ्याचे, सगळं स्क्रीनवर जोडता येतं. पण २८ मिमीची फाईल नुसती लहान करून १५ ला छापायची नाही. तलवार केसाएवढी होते आणि सपोर्ट (छापताना दिलेले टेकू) तोडतानाच जाते. पाती, मनगटं, घोड्याचे घोटे फुगवून घ्यावे लागतात. साधं रेझिन कडक आणि ठिसूळ असतं, त्यात थोडं लवचिक रेझिन मिसळलं की भाला वाकतो, मोडत नाही. सपोर्ट पाठीच्या बाजूने घ्या, चेहरा स्वच्छ निघतो.

घोडे! तयार मिळणारे घोडे बहुतेक युरोपच्या अवजड घोडदळाचे असतात. मराठ्यांचं जनावर भीमथडी, ठेंगणं नि काटक. मी घोडा नव्वद टक्क्यांवर छापतो आणि स्वार तसाच ठेवतो. लगेच दख्खन दिसायला लागते.

घरी प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर त्याला स्वयंपाकघरापासून लांब, हवा खेळती असलेली जागा हवी. हातमोजे घातल्याशिवाय ओल्या रेझिनला हात लावायचा नाही. छापलेले भाग ज्यात धुतले ते अल्कोहोल मोरीत ओतायचं नाही, उन्हात ठेवून गाळ घट्ट करून मग टाकायचा. शोकेसचा एक खण मिळालेल्या माणसाने प्रिंटरच्या फंदात पडू नये असं माझं मत.

चारभिंती
रविवार, दुपारी १:१५

ते शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. तुम्हाला कधीही जेवायला बोलावलंय.

खर्ज
रविवार, दुपारी ३:४०

मिरजेहून. भाल्यांबद्दल.

छापलेला किंवा प्लॅस्टिकचा भाला हातासकट कापून टाका आणि तारेचा बसवा. आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे होतात, तिथे उतरवलेल्या तारांचे तुकडे पडलेले असतात. सतारीची बाजाची पोलादी तार भाल्याला फार बारीक, ती हात-मुंडकी जोडताना आतून खिळी म्हणून घालायला उत्तम. तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार जाड असते, १५ मिमीच्या भाल्याला बरोबर बसते. २८ ला त्याहून जाड हवी, तिथे एक मिमीची पितळी सळई घ्या.

तार आधी दोन पकडींत धरून ताणायची, म्हणजे वेटोळं जातं. टोक हातोडीने ऐरणीवर किंवा जुन्या इस्त्रीच्या तळावर हलकेच चपटं करायचं आणि कानशीने पानाचा आकार द्यायचा, झालं भाल्याचं पातं. मुठीत भोक पाडताना हातड्रिल चिमटीत धरून फिरवायचं, विजेचं नाही. आधी टाचणीने खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं. शेवटी टोक थोडं बोथट करा. भालदारांची अख्खी तुकडी उचलताना बोटाला कळतं कशासाठी.

विट्यासाठी (दोरी बांधलेला फेकायचा भाला) तीच युक्ती, फक्त मागे दोरी हवी. सतारीच्या पोलादी तारेचाच तुकडा, पेन्सिलीभोवती गुंडाळून सैल सोडलेला.

कऱ्हाडी_शेंगदाणा
रविवार, दुपारी ३:५५

मिरजेत मावळ्याचा भालासुद्धा सुरात लागतो.

रानजाई
रविवार, संध्याकाळी ६:२०

वाईची. दिवाळीत किल्ल्यावरची चित्रं रंगवते, बाकी वर्षभर हे लहानगे.

कोणती सेना यापेक्षा मला रंगाचं बोलायचंय. बाजारात त्वचेचे म्हणून जे तयार रंग मिळतात ते बहुतेक गुलाबी गोऱ्यांचे. त्यात काळा मिसळून मावळा करू नका, आजारी दिसतो. बर्न्ट सिएनामध्ये थोडा रॉ अंबर, हा पाया. उजळ जागा, म्हणजे नाक, गालाची हाडं, बोटांचे सांधे, यांना त्याच रंगात पिवळा ऑकर घालून. पांढरा घातलात की चेहऱ्याला राख फासल्यासारखं दिसतं. १५ मिमीला डोळे काढू नका. भुवईखाली गडद रेघ पुरते.

आणि आपल्याकडे जूनपासून स्प्रे प्रायमर विसरा. वाई-सातारच्या पावसाळी हवेत तो खरखरीत तरी बसतो, नाहीतर पांढरट धूर येतो. शेवटचं मॅट वॉर्निशही तसंच. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, दोन पातळ हात. उघडीप बघून स्प्रे मारेन म्हणाल तर महाबळेश्वरचा ढग तुमच्याच गच्चीवर येतो.

तळाच्या चकतीला जावळीची माती हवी ना? महाबळेश्वरच्या बाजूची तांबडी माती आणा, चांगली वाळवा, कुटून मलमलच्या फडक्यातून गाळा. पातळ फेविकॉलवर भुरभुरवा. पाचोळ्यासाठी चहाचा चोथा. दूध-साखरेचा नको, नुसता, धुऊन कडक वाळवलेला. नाहीतर खानाच्या आधी मुंग्या येतील.

हळदभाव
रविवार, संध्याकाळी ६:४१

पिवळ्या जरीपटक्याला सांगलीची हळद चालंल का ताई? घरचीच हाय, पोतं देतो.

रानजाई
रविवार, संध्याकाळी ६:५०

@हळदभाव, हळदीचा रंग उन्हाने उडतो. खिडकीत ठेवलात तर पुढच्या गणपतीपर्यंत पांढरं निशाण, म्हणजे शरणागती. पोतं मात्र पाठवा.

चारभिंती
रविवार, रात्री ९:३०

फेटे कसे करायचे ते कोणी सांगेल का? एम-सीलने जमतं म्हणतात. आणि सगळ्यांना भगवे करायचं मनात आहे, तुकडी उठून दिसेल.

बखरवाला
रविवार, रात्री ९:४४

सगळ्यांना भगवे? का? गणवेश कवायती पलटणींबरोबर आला. १६५९ चा मावळा अंगावर जे आहे ते घालून लढतोय. गुडघ्यापर्यंत चोळणा, सुती अंगरखा किंवा उघडं अंग, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. हो, मुंडासं. तुम्ही लग्नातला तुरेवाला फेटा बांधणार असाल तर मी धाग्यातून उठलो. भगवा निशाणाला असू द्या, तिथे तो शोभतो.

रानजाई
रविवार, रात्री १०:०५

बखरवाले, कपड्यांचं बरोबर, पण टेबलावर तीन फुटांवरून बघायचं असतं. सगळे मळकट पांढरे केले की तुकडी दिसतच नाही, रानात रान होतं. मी असं करते: दहातले सहा कोऱ्या कापडाचे, म्हणजे पांढऱ्यात किंचित तपकिरी. दोन निळीच्या रंगाचे, एक मंजिष्ठाच्या तांबड्याचा, आणि नाईकाच्या डोक्याला भगवा, म्हणजे खेळताना त्याला शोधावं लागत नाही. नीळ, मंजिष्ठ, दोन्ही त्या काळचे. चालेल?

बखरवाला
रविवार, रात्री १०:१२

सहा, दोन, एक, एक. दहा माणसांमागे एक नाईक, तेही जुळतं. चालेल.

सव्वाशेर
रविवार, रात्री १०:१५

स्क्रीनशॉट घेतला. बखरवाले 'चालेल' म्हणाले.

रानजाई
रविवार, रात्री १०:४०

मुंडाशाची कृती. एम-सील पटकन कडक होतं आणि दाणेदार असतं, २८ मिमीला चालतं, १५ ला ओबडधोबड दिसतं. मॉडेलवाल्यांची हिरवी पुटी महाग आहे पण थोडीच लागते. दोन्ही रंगांच्या पट्ट्या समान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायच्या आणि लगेच लावायची नाही, वीसेक मिनिटं सोडायची. ताजी पुटी बोटालाच चिकटते.

मूळ डोक्यावरचं हेल्मेट कानशीने गोल घासून घ्या. पुटीची शेवईएवढी वळी करा, काचेवर ओल्या सुईने दाबून फीत करा. कानामागून सुरू करून कपाळावरून तिरपी न्या, परत मागे, दुसरा वेढा पहिल्याला अर्धा झाकेल असा. तीन वेढे खूप झाले. सुईला किंचित व्हॅसलीन लावून वेढ्यांमधल्या खाचा दाबा. शेवटचं टोक मानेवर सोडा किंवा आत खोचा. सगळ्यांचे सारखे बांधू नका, एखाद्याचं सैल, एखाद्याचं डोळ्यावर आलेलं.

खर्ज
रविवार, रात्री १०:५८

आणि एखादा बोडका. घाईत निघालेला.

गुळपोळी
सोमवार, सकाळी ८:१५

कळत नाही म्हणता म्हणता सगळं वाचून काढलं. अवांतर प्रश्न: एवढं करून सातारहून सांगलीला नेता कसे? एसटीत?

कऱ्हाडी_शेंगदाणा
सोमवार, सकाळी ८:४०

कंदी पेढ्याच्या डब्यातून. एक किलोच्या प्लॅस्टिक डब्यात तळाला पत्रा, चकतीखाली चुंबक. डबा उलटा केला तरी मावळा हलत नाही.

हळदभाव
सोमवार, सकाळी ८:५५

फक्त सातारकरांचा पेढ्याचा डबा कोणी उघडून बघणार नाही अशी खात्री असेल तर. आमच्या भडंगाच्या डब्याला तेवढा धोका नाही.

कऱ्हाडी_शेंगदाणा
सोमवार, सकाळी ८:५८

भडंगाचा डबा तर आधी उघडतात.

कुपवाडचा_छापखाना
सोमवार, सकाळी ९:२०

चुंबकाचं खरं आहे. ५ बाय १ मिमीची निओडिमियम चकती एका माणसाला पुरते, घोड्याला दोन. सगळी एकाच दिशेने चिकटवा, नाहीतर तुकड्या शेजारी उभ्या केल्या की एकमेकींना ओढतात.

सांगलीकरांसाठी जादा सूचना: खालचा मजला असेल तर फौज माळ्यावर. २०१९ ला पाणी चढताना लोकांनी आधी काय वर नेलं ते विचारू नका.

आयर्विन
सोमवार, दुपारी २:०५

इतका वेळ नुसता वाचत होतो. भाले झाले, मुंडासी झाली, चहाचा चोथा झाला. मूळ प्रश्न कुठे गेला?

चारभिंतींनी लिहिलंय की पुण्याला गेले की खेळतात. म्हणजे साताऱ्यात समोर बसणारा कोणी नाही. सांगलीतही फार वेगळं नाही. पुण्या-मुंबईत वॉरहॅमरची एक सेना घेऊन गेलं की समोरचा त्याची घेऊन येतो. आपल्याकडे कोण आणणार? भाचा, शेजारी, ऑफिसातला एखादा. त्यांच्याकडे सेना नाही आणि ते पंधरा हजार घालणारही नाहीत. आपल्या गावात फौज घ्यायची म्हणजे शत्रूही आपल्यालाच उभा करावा लागतो. दोन्ही बाजू तुमच्याच कपाटात. आलेला माणूस नुसते फासे टाकेल.

हे एकदा मान्य केलं की निवड आपोआप होते. वॉरहॅमरच्या दोन सेना पंधरा हजारांत बसत नाहीत, २८ मिमीच्या दोन ऐतिहासिक सेना शोकेसच्या खणात बसत नाहीत. उरतं १५ मिमी. डीबीए नावाचे जुने, १९९० पासूनचे नियम आहेत, त्यात एक सेना म्हणजे फक्त बारा तळपट्ट्या, प्रत्येक ४० मिमी रुंद. हलक्या घोडदळाला एका पट्टीवर दोन स्वार, पायदळाला दोन ते चार माणसं, हत्ती एकटा. म्हणजे तीस-पस्तीस बाहुल्यांत सेना संपली. मैदान दोन फूट बाय दोन फूट. तुमच्या टेबलावर डाव मांडून बाजूला जेवताही येईल. तासाभरात निकाल.

बखरवाला
सोमवार, दुपारी २:३०

डीबीएच्या सेनायाद्या १५०० च्या आसपास थांबतात. प्रतापगड त्यात नाही.

आयर्विन
सोमवार, दुपारी २:४१

यादी नाही, साचा आहे. मावळ्यांना ऑक्झिलिया (त्या नियमांतलं हलकं पायदळ) धरा, त्यांना झाडीत नि खडकाळीत त्रास होत नाही. खानाचे स्वार तिथे शिरले की त्यांचे आकडे घसरतात. जावळीला याहून वेगळं काय झालं? तोडेदार बंदूकवाल्यांना धनुर्धाऱ्यांचे नियम लावा. घरचा खेळ आहे, परीक्षा नाही.

सव्वाशेर
सोमवार, दुपारी ३:१०

मी वॉरहॅमरवाला असून मला हे पटतंय, आणि मला ते आवडत नाहीये.

पण एक म्हणणं आहे. फेटेवाल्या गार्डची हौस मारू नकोस. त्यातले पाच-सहा कर, नुसतं चकमकीच्या छोट्या डावाला. पुण्याला आलास की घेऊन ये, माझ्याकडे समोरचे आहेत. हौसेला पाच माणसं पुरतात, सेनेला पुरत नाहीत.

चारभिंती
सोमवार, रात्री १०:२०

ठरलं. १५ मिमी, १६५९, दोन्ही बाजू. कुपवाडवाल्यांना व्यनि (खासगी निरोप) केलाय. मावळ्यांच्या बारा पट्ट्यांत सात पायदळ, दोन बंदूकवाले, तीन हलके घोडदळ. आदिलशाहीकडे सहा घोडदळ, तीन पायदळ, एक तोफ, एक उंटांवरच्या जंबुरक्यांची (छोट्या तोफांची), एक हत्ती.

सभासदाने आपल्या बखरीत स्वारांच्या पंचविसांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद सांगितलाय, म्हणून ते दोघे जादा, न लढणारे, छावणीच्या पट्टीवर. नालबंद घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेला हवाय. तेवढा मी स्वतः पुटीने करणार. आणि सव्वाशेर, पाच गार्ड पण. त्यांना मात्र तुरेवाले फेटे. चाळीस हजार सालात बखरवाले पोचत नाहीत.

सांगलीत पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी बसूया का? टेबल कोणाकडे आहे?

आयर्विन
सोमवार, रात्री १०:३१

माझ्याकडे. विश्रामबाग, पहिला मजला. फासे तुम्ही आणा, आमचे धाकट्याने लपवलेत.

रानजाई
सोमवार, रात्री १०:४०

येते. तोपर्यंत नालबंदाचा फोटो टाका. घोड्याचा उचललेला पाय आधी तारेवर करा, पुटी नंतर. नुसत्या पुटीचा पाय लोंबतो.

बखरवाला
सोमवार, रात्री ११:०२

यादी ठीक. पण हत्ती एक? त्या दिवशी हाती लागलेले हत्ती सभासद ६५ सांगतो. उंट बाराशे.

चारभिंती
सोमवार, रात्री ११:०८

बारा पट्ट्यांत दुसरा हत्ती बसवला तर तोफ जाते हो.

हळदभाव
सोमवार, रात्री ११:१०

कुपवाडवाले, ६५ हत्तींचं कोटेशन टाका. माहूत धरून.

कुपवाडचा_छापखाना
सोमवार, रात्री ११:२५

एका खेपेला चार हत्ती बसतात. ॲडव्हान्स बखरवाल्यांच्या खात्यातून घेतो. उंटांचं रेझिन पोत्याने मागवावं लागेल.